टूल्ससाठी बनवून घेतलेला आरसीबीओवाला एक्स्टेंशन बोर्ड: पूर्ण पावसाळा वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

ग्राइंडरचे, ड्रिलचे, कटरचे रिव्ह्यू भरपूर लोक टाकतात, पण ते मशीन ज्या बोर्डात लावायचं त्या बोर्डाबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून हा रिव्ह्यू. आरसीबीओ म्हणजे जास्त करंट गेला किंवा करंट गळून जमिनीत, माणसातून जायला लागला की लाइन तोडणारा स्विच, त्याबद्दल पुढे सविस्तर. आधीच सांगते, ही कुठल्या कंपनीची तयार वस्तू नाही. सुटे पार्ट मुंबईला लोहार चाळीतून आणले आणि इथे कुडाळला आमच्या नेहमीच्या वायरमन काकांकडून जोडून घेतला. तयार मिळाला असता तर तयारच घेतला असता, पण मला हवा होता तसा इथल्या दुकानांत मिळाला नाही. आता पावसाळा संपला, सगळी मशीनं त्यावर चालवून झाली, तर काय चांगलं काय वाईट ते लिहितेय. थोडं लांब होईल कारण आकडे सांगितल्याशिवाय यात काही कळत नाही.

आमचं काम लाकडाचं. बाबा लेथवर खेळणी आणि लाकडी फळं करतात, ती सावंतवाडीच्या दुकानांत जातात, आणि भाऊ आणि मी दारं-खिडक्या, कपाटं, पलंग अशी कामं घेतो. लेथला एक एचपीची सिंगल फेज मोटर आहे, 10 इंची टेबल सॉ आहे, ही दोन्ही जागेवर फिक्स, त्यांची लाइन भिंतीतून वेगळी आलेली. बाकी सगळं हातातलं. इलेक्ट्रिक रंधा, राउटर (लाकडात खाचा पाडायचं मशीन), सँडर, 4 इंची ग्राइंडर, दोन ड्रिल. हे कधी शेडमध्ये, कधी अंगणात, कधी गिऱ्हाइकाच्या घरी साईटवर, त्यामुळे एक्स्टेंशन बोर्ड हा आमच्याकडे रोज हाताळला जाणारा भाग आहे, कुठल्याही मशीनपेक्षा जास्त.

याआधी जो बोर्ड होता तो बाजारात मिळतो तसलाच, चार सॉकेट, लाल दिवा, वर मोठ्या अक्षरात 16 अँपिअर छापलेलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. वायर बाहेरून चांगली जाडजूड दिसायची. काकांनी एकदा दुरुस्तीला उघडला तेव्हा वायर कापून दाखवली, तर आत तांबं जेमतेम 0.75 स्क्वेअर एमएम, बाकी सगळी जाडी प्लास्टिकची. म्हणजे वायर सहा-सात अँपिअरची आणि वर छापलंय 16. त्याला एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) नाही, काही नाही, आणि तीन पिन असूनही आतली अर्थची वायर एका सॉकेटला जोडलेलीच नव्हती. तांब्याच्या काड्या मोजायला कोण बसतं दुकानात, वरची जाडी बघून लोक घेतात.

आता नवीन बोर्डात काय आहे. जाड प्लास्टिकचा झाकणवाला डबा, त्यात एक 16 अँपिअरचा, सी कर्व्हचा, डबल पोल, 30 मिलिअँपिअरचा आरसीबीओ (या तिन्हींचा अर्थ पुढे सांगते). त्यानंतर झाकणवाली दोन 6/16 अँपिअरची सॉकेट. वायर 20 मीटर, तीन कोरची (आत तीन वेगळ्या वायरी), 2.5 स्क्वेअर एमएम, फ्लेक्झिबल तांब्याची, आयएसआय मार्कची. डब्यात वायर शिरते तिथे ग्लँड, म्हणजे वायर ओढली गेली तरी ताण आतल्या स्क्रूवर येत नाही. भिंतीकडच्या टोकाला चांगला 16 अँपिअरचा टॉप, म्हणजे प्लग. बस एवढंच. दिवा नाही, यूएसबी नाही, चार-पाच सॉकेट नाहीत. दोनच सॉकेट मुद्दाम ठेवली, कारण चार असली की चारही भरतात.

पॉवरचं गणित आधी बोलू कारण तिथेच बहुतेक लोक चुकतात. मशीनवर वॅट लिहिलेले असतात, त्याला 230 ने भागलं की अँपिअर मिळतात. 850 वॅटचा ग्राइंडर पावणेचार अँपिअर घेतो. 1400 वॅटचा मार्बल कटर सहा. 1600 वॅटचा राउटर सात. 14 इंची चॉप सॉ 2400 वॅटचा असेल तर साडेदहाच्या आसपास. आता घरातलं लहान सॉकेट 6 अँपिअरचं, 230 गुणिले 6 म्हणजे 1380 वॅट, संपलं. राउटर त्यावर चालवायचाच नाही, मोठं 16 अँपिअरचं सॉकेट पाहिजे, ज्याला अजूनही सगळे पंधरा अँपिअर किंवा पॉवर प्लग म्हणतात. पण साईटवर काय होतं, घरात मोठं सॉकेट फक्त एसीचं, गिझरचं किंवा किचनमधलं, ते लांब, मग दुकानात तो कन्व्हर्टर मिळतो ना ज्यात मोठा टॉप घालून लहान सॉकेटमध्ये लावता येतो, तो लावतात. तो कन्व्हर्टर कृपा करून वापरू नका. त्याच्यामुळे लहान सॉकेटमागची वायर मोठी होत नाही, ती आत भिंतीत तापत राहते आणि बाहेर काही दिसत नाही.

एचपी लिहिलेल्या मोटारींचं गणित वेगळं आहे. एक एचपी म्हणजे 746 वॅट हे खरं, पण ती बाहेर मिळणारी ताकद झाली, आत त्याहून बरीच जास्त घ्यावी लागते. आमची एक एचपीची लेथची मोटर चालताना सहा-सात अँपिअर घेते. आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. त्यासाठीच सी कर्व्ह घ्यायला सांगितलं काकांनी. बी कर्व्हचा एमसीबी त्याच्या रेटिंगच्या तीन ते पाच पट करंट आला की तात्काळ पडतो, सी कर्व्हचा पाच ते दहा पटीला. त्यामुळे मोटर सुरू करताना उगाच ट्रिप होत नाही. हा फरक एमसीबीवरच लिहिलेला असतो, बी16 किंवा सी16 असा, दुकानदाराला विचारायची पण गरज नाही.

आता मुख्य गोष्ट, आरसीबीओ. यात दोन वस्तू एकत्र आहेत, एमसीबी आणि आरसीसीबी. एमसीबी असला की आपण सेफ असं खूप जणांना वाटतं. तसं नाहीये. ओल्या हाताने, घामेजलेल्या अंगाने आपल्या शरीराचा रेझिस्टन्स साधारण हजार ओहम धरतात. 230 व्होल्टला हजार ओहम म्हणजे 230 मिलिअँपिअर, पाव अँपिअरपेक्षा पण कमी. 16 अँपिअरच्या एमसीबीला हा पाव अँपिअर कळतच नाही, त्याच्या दृष्टीने एखादा बल्ब लागला. आणि माणसाचा हात दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच आखडतो, मशीन सोडता येत नाही, आणि 230 मिलिअँपिअर छातीतून गेला तर हृदय बंद पडायला पुरेसा आहे. एमसीबी वायरला आग लागू नये म्हणून असतो. माणसासाठी आरसीसीबी लागतो.

तो काम कसं करतो तर फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का एवढंच तो बघत बसतो. कमी आला, म्हणजे मधे कुठूनतरी जमिनीत जातोय, मशीनच्या बॉडीतून किंवा माणसातून. फरक 30 मिलिअँपिअर झाला की तोडतो. आयएस 12640 या भारतीय स्टँडर्डप्रमाणे 30 ला 300 मिलिसेकंदाच्या आत, आणि त्याच्या पाच पट म्हणजे 150 ला 40 मिलिसेकंदाच्या आत तोडायलाच पाहिजे. झटका बसतो, पण पकडून ठेवत नाही. दुकानात 100 आणि 300 मिलिअँपिअरचे पण मिळतात आणि कधी कधी स्वस्त पडतात, ते आग टाळण्यासाठी मेनला लावायचे असतात, टूलच्या बोर्डाला 30 चाच हवा. एक गोष्ट मात्र तो करू शकत नाही. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर करंट नीट परत येतोय असंच त्याला दिसतं, तो पडणार नाही. त्यामुळे आरसीसीबी आहे म्हणून चालू लाइनवर काम करायचं नाही.

डबल पोल का, तर इकडे कितीतरी जुन्या घरांत सॉकेटचं फेज-न्यूट्रल उलटं असतं. सिंगल पोल एमसीबी चुकीच्या वायरवर आला तर तो पाडूनही मशीनमध्ये फेज तसाच राहतो. डबल पोल दोन्ही तोडतो.

अर्थिंगबद्दल जरा जास्त लिहिते कारण आमच्या कोकणात हा खरा प्रॉब्लेम आहे. आमचं घर जांभ्याच्या कातळावर. खणायलाच दम लागतो, पाणी टिकत नाही, मार्चपासून दगड कोरडा ठणठणीत. मीठ-कोळशाचा जुना खड्डा आहे, उन्हाळ्यात बाबा त्यात बादली ओततात, तरी मीटर लावला तर रेझिस्टन्स भरपूर. समजा 20 ओहम आहे. मशीनची वायर सुटून धातूच्या बॉडीला लागली तर करंट किती जाईल, 230 भागिले 20, साडेअकरा अँपिअर. आणि एमसीबी किती अँपिअरचा, 16 चा. म्हणजे अर्थिंग आहे, तिसरी पिन जोडलेली आहे, एमसीबी पण आहे, सगळं नियमाने केलंय, आणि तरी एमसीबी पडत नाही आणि मशीनची बॉडी करंट घेऊन तशीच बसलेली असते. हे काकांनी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा आम्ही सगळेच गप्प झालो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर याच 20 ओहमला तो लगेच पडतो, अगदी काहीशे ओहमची रद्दी अर्थिंग असली तरी पडतो. म्हणून कातळावर, डोंगरात, जिथे अर्थिंग चांगलं मिळवणं अवघड तिथे तर हा पाहिजेच. याचा अर्थ अर्थिंग सोडून द्या असा कुणी घेऊ नका, अर्थिंग असेल तर मशीन खराब झाल्या क्षणी बोर्ड पडतो, नसेल तर कुणीतरी हात लावल्यावर पडतो.

बाबा लेथवर अनवाणी उभे राहतात. लहानपणापासूनची सवय, पायाने लाकूड-पटाशी धरतात, चप्पल घालून जमत नाही म्हणतात. त्यांना किती वेळा सांगितलं. शेवटी काकांनी लेथच्या लाइनला पण तसाच आरसीबीओ बसवून दिला आणि पायाखाली रबराची मॅट टाकली, मॅटवर अनवाणी चालतं म्हणाले बाबा. माझ्या मनाला त्या दिवसापासून किती बरं वाटतंय ते सांगता येत नाही.

डबल इन्सुलेटेड मशीनचं विचारतील कुणी. ग्राइंडर, ड्रिलवर नेमप्लेटला चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्याला दोन पिनीच टॉप येतो, अर्थची गरज नाही, ते बरोबर आहे. पण वायर तर कापली जाऊ शकते ना, ग्राइंडरने स्वतःचीच वायर कापली हे साईटवर नेहमीचं आहे, आणि आत पाणी गेलं तर डबल इन्सुलेशन कसलं. आणखी एक, त्यांचे ते गोल दोन पिनी टॉप आपल्या सॉकेटमध्ये ढिले बसतात, हलले की आत चरचर आवाज येतो, सॉकेट जळतं. आम्ही गॅरंटी संपलेल्या मशीनचे टॉप बदलून चांगले तीन पिनी बसवले, अर्थची पिन रिकामी. गॅरंटीत असलेल्या मशीनचा टॉप कापायच्या आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

आणि टॉप नसलेल्या वायरी सॉकेटमध्ये खुपसून काडेपेटीच्या काड्या ठोकणं, हे मी आजही साईटवर बघते. शिकलेली पोरं करतात. टॉप पन्नास-शंभर रुपयाला मिळतो हो. आमच्या बोर्डाला झाकणवाली सॉकेट आणि शटर असल्यामुळे तसं कुणाला करताच येत नाही, हा पण एक फायदा धरा.

वायरच्या जाडीबद्दल. तांब्याचं गणित सोपं आहे, एक मीटर लांब आणि एक स्क्वेअर एमएम जाड तांब्याचा रेझिस्टन्स 0.0175 ओहम. करंट जातो आणि येतो म्हणून 20 मीटरच्या बोर्डात 40 मीटर तांबं. जुन्या 0.75 च्या वायरला 20 मीटर धरले तर 0.93 ओहम, दहा अँपिअर ओढले की नऊ-साडेनऊ व्होल्ट वायरीतच गेले, आणि 93 वॅटची उष्णता. ती वायर गुंडाळलेली असेल तर सगळी उष्णता एका जागी साठते. साध्या पीव्हीसीची मर्यादा 70 डिग्री असते, त्यानंतर ते मऊ पडायला लागतं, आतल्या कोर एकमेकींना चिकटतात. नवीन 2.5 च्या वायरला तेच गणित 0.28 ओहम येतं, दहा अँपिअरला तीन व्होल्टसुद्धा जात नाहीत, उष्णता 28 वॅट. तरीही मोठं मशीन लावताना आम्ही पूर्ण वायर उलगडून टाकतो, हा नियमच केलाय वर्कशॉपचा. रीलवर गुंडाळलेली वायर घेणार असाल तर चांगल्या रीलवर दोन रेटिंग लिहिलेली असतात, गुंडाळलेली असताना एवढे वॅट आणि पूर्ण उलगडली तर एवढे, ती वाचा.

आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, 190-195 पण बघितलंय. त्यात वायर खाणार नऊ व्होल्ट. व्होल्टेज कमी झालं की राउटरचा, रंध्याचा स्पीड पडतो, मग माणूस जोर देतो, जोर दिला की आणखी करंट, कार्बन ब्रशमधून ठिणग्या आणि शेवटी आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, जळतं. आर्मेचर बदलायचा खर्च बघितला तर जाड वायर स्वस्त पडते. नवीन बोर्डावर राउटर लावला तेव्हा भाऊ लगेच म्हणाला, आवाजच बदलला याचा.

एक बारीक मुद्दा, जो मला सगळ्यात नवीन होता. सी16 ला शॉर्ट झाल्यावर नक्की तात्काळ पडायला 160 अँपिअर लागतात, म्हणजे पूर्ण रस्त्याचा रेझिस्टन्स दीड ओहमच्या आत हवा. ट्रान्सफॉर्मर लांब, घरातली वायरिंग जुनी, त्यात पुढे 0.93 ओहमची बारीक वायर, मग शॉर्ट झाला तरी तेवढा करंट जातच नाही आणि एमसीबी आरामात तापून पडतो, तोवर वायर पेटलेली. म्हणजे बारीक वायरीच्या बोर्डाला नुसता एमसीबी लावून काम होत नाही, दोन्ही एकत्र बघावं लागतं.

आता पावसाळ्यातला अनुभव. जूनमध्ये पहिल्या आठवड्यातच बोर्ड ट्रिप व्हायला लागला. रंधा लावला की पडायचा, बाकी कशाला नाही. भाऊ वैतागला, हे काय नवीनच डोकेदुखी, जुन्या बोर्डावर तर चालत होता. काकांनी मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) आणला, 500 व्होल्टचा, रंध्याचं इन्सुलेशन मोजलं तर एक मेगाओमच्याही बऱ्याच खाली. उघडला तर आत लाकडाचा भुसा आणि कार्बनची काळी पूड यांचा ओलसर लेप बसलेला, फील्ड कॉइलपासून पार गिअरच्या धातूच्या भागापर्यंत. हाच रंधा मागच्या पावसाळ्यात वापरताना हाताला झिणझिण्या येतात म्हणून भाऊ सांगत होता आणि आम्ही म्हणायचो दमट हवा आहे. साफ केला, दोन दिवस बल्बखाली सुकवला, परत मेगर लावला, मग चालला. तेव्हापासून दर महिन्याला सगळ्या मशीनना ब्लोअरने हवा मारतो, मास्क लावून, कारण ती कार्बनची पूड छातीत जाते.

ट्रिप होतो म्हणून आरसीसीबी काढून टाकणारे, बायपास करणारे वायरमन खूप आहेत. घराच्या डीबीत (मेन स्विचच्या डब्यात) आरसीसीबी दिसतो पण मागून जम्पर मारलेला असतो. बऱ्याचदा कारण साधं असतं, घरातल्या इन्व्हर्टरचा न्यूट्रल आणि मेनचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र झालेला असतो, मग फरक दिसून तो पडणारच. ते न्यूट्रल वेगळे करायला अर्धा दिवस जातो आणि वायर उपटायला दोन मिनिटं. तुमच्याकडे असेल तर टेस्टचं बटण दाबून बघा, पडला नाही तर समजा नुसता डबा लटकवलाय किंवा आतून बिघडलाय. आम्ही महिन्यातून एकदा दाबतो. बटण दाबून फक्त आरसीसीबी चालतो हे कळतं, अर्थ जोडलेला आहे का ते नाही कळत. काकांनी बोर्ड देताना सॉकेटच्या फेज आणि अर्थमध्ये जुना 15 वॅटचा झिरोचा बल्ब लावून दाखवला, त्याला 65 मिलिअँपिअर लागतात, बल्ब पेटायच्या आत बोर्ड पडला. ही टेस्ट घरी स्वतः करू नका, वायरमनकडून करून घ्या.

घरच्या इन्व्हर्टरवर टूल चालवायचं विचारणाऱ्यांना, 900 व्हीएचा इन्व्हर्टर जेमतेम सातशे-साडेसातशे वॅट देतो, त्यात ग्राइंडर सुरू होतानाच ओव्हरलोड. चालवू नका. जनरेटरवर चालवत असाल तर एक धोका आहे, लहान पोर्टेबल जनरेटरचा न्यूट्रल बहुतेक वेळा अर्थला जोडलेला नसतो, मग बॉडीत करंट आला तरी तो परत जायला रस्ता नसल्याने आरसीबीओ पडत नाही. साईटवर जनरेटर असेल तर आमचे काका आधी ते बघतात, मग बोर्ड लावू देतात.

आत्तेभावाने न्यू जर्सीहून त्याचा जुना राउटर आणून दिला होता, 120 व्होल्टचा, 12 अँपिअरचा. आपल्या 230 ला डायरेक्ट लावला असता तर गेलाच असता. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, 120 गुणिले 12 म्हणजे 1440 व्हीए, सुरू होतानाचा झटका धरून दोन केव्हीएच्या वरचा, त्याच्या किमतीत इथला नवीन राउटरच येईल. 50 आणि 60 हर्ट्झचा फरक ब्रशवाल्या मोटारीला त्रास देत नाही, पण तिकडची ब्रश नसलेली साधी इंडक्शन मोटर असेल, म्हणजे ग्राइंडिंग व्हीलची वगैरे, तर ती इथे हळू फिरते आणि तापते. परदेशातून आणायचंच असेल तर बॅटरीचं ड्रिल आणा, त्याच्या चार्जरवर 100 ते 240 लिहिलंय का ते बघून, कारण सगळ्यांवर नसतं.

खरेदीबद्दल. लोहार चाळ म्हणजे क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडची इलेक्ट्रिकलची गल्ली, आणि जवळच नागदेवीला टूल्सची दुकानं, एका फेरीत दोन्ही होतं. मी ज्या दुकानातून घेतलं त्याने वायरचं टोक सोलून तांबं दाखवलं, आयएस 694 चा छाप दाखवला, पक्कं बिल दिलं, रिटेलला पण नीट बोलला. दुसऱ्या एकाने 2.5 सांगून हातात दिली ती वायर डोळ्यांनाच बारीक दिसत होती, भाव निम्मा. आरसीबीओ लेग्रांड, श्नायडर, हॅवेल्स सगळ्यांचे मिळतात, वायरीत पॉलीकॅब, आपल्या पुण्याची फिनोलेक्स. मी ब्रँडपेक्षा बॉक्सवरचं 30 एमए, डबल पोल, सी कर्व्ह हे बघून घेतलं. आरसीबीओ अडीच हजाराच्या आसपास, वायर तीन हजार, डबा-सॉकेट-ग्लँड-टॉप मिळून दीड हजार, काकांची मजुरी पाचशे. साडेसात हजार झाले. बाजारातला बोर्ड आठशेला येतो हे माहीत आहे मला. पण आम्ही दुसरा ग्राइंडर घेणार होतो, तो पुढे ढकलला आणि हा बनवला, आणि पैशाची ओढाताण असलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगेन, दुसरं मशीन नंतर घ्या.

तक्रारी पण आहेत. जड आहे. 20 मीटर 2.5 ची वायर आणि डबा, खांद्यावर टाकून जिना चढायचा म्हणजे माझा खांदा दुखतो, स्कूटरवर तर पुढे पाय ठेवायला जागा उरत नाही. डबा प्लास्टिकचा आहे, साईटवर एकदा पडून झाकणाचा कोपरा उडाला, त्यातून भुसा जातो, सध्या टेप लावलीय पण बदलावा लागेल. डब्याला खाली चार पाय पाहिजे होते, ओल्या जमिनीवर सरळ टेकतो, आम्ही खाली फळी ठेवतो. सॉकेटची झाकणं टॉप लावल्यावर पूर्ण बंद होत नाहीत, म्हणजे पावसाच्या तुषारात हा बोर्ड चालणार नाही, तिथे निळे गोल इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट लागतात आणि मग प्रत्येक मशीनचा टॉप बदलायला लागतो. घराच्या मेनला पण 30 चा आरसीसीबी असेल तर कधी हा पडतो, कधी तो, कधी दोन्ही, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरातले दिवे जातात आणि बोलणी खावी लागतात.

काम संपल्यावर टॉप भिंतीतून काढून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून चालत नाही, आणि ब्लेड किंवा डिस्क बदलताना तर मशीनचाच टॉप काढून हातात दिसेल असा ठेवायचा, हे आम्ही शेडच्या दारावर लिहूनच ठेवलंय कारण शिकायला येणारी मुलं असतात.

साईटसाठी आता एक हलका बोर्ड करायचा विचार आहे, 10 मीटर, 1.5 स्क्वेअर एमएम, एकच सॉकेट आणि 10 अँपिअरचा आरसीबीओ. 10 मीटरला 1.5 चा रेझिस्टन्स 0.23 ओहम येतो, म्हणजे वायर बारीक असूनही लांबी अर्धी झाल्याने मोठ्या बोर्डापेक्षा कमीच व्होल्टेज खाईल, आणि ड्रिल, सँडर, ग्राइंडर, आमचा राउटर सगळं 10 अँपिअरच्या आत बसतं. टेबल सॉ त्यावर लावायची नाही. डबा या वेळी रबराची कड असलेला आणि पाय असलेला बघतेय, कुणाला चांगला माहीत असेल तर मॉडेल आणि साधारण किंमत टाका.